१७ डिसेंबरची दुसरी सही

हवाई दलातल्या नोकरीच्या तेराव्या वर्षी माझी बदली पूर्वेकडच्या डोंगराळ भागातल्या एका हेलिकॉप्टर युनिटमध्ये झाली. हुद्दा सार्जंट, ट्रेड एअरफ्रेम फिटर. म्हणजे इंजिन सोडून हेलिकॉप्टरचा जो सांगाडा आणि जे कंट्रोल असतात, ते सांभाळणं माझं काम. गोंदियाहून रेल्वेने तीन दिवस आणि पुढे ट्रकने एक दिवस लागला. युनिटकडे चार हेलिकॉप्टर होती. डोंगरावरच्या चौक्यांना रेशन, रॉकेल आणि टपाल पोचवायचं, आजारी जवानांना खाली आणायचं. हवामान बरं असेल तर दिवसाला सहा-सात फेऱ्या होत. नसेल तर आठवडाभर पत्ते कुटायचे.

पहिल्या संध्याकाळी मेसच्या रांगेत कुकने विचारलं, "डाल और दूँ?" मी म्हणालो, "हौ." मागून आवाज आला.

"कोन्या गावचा हायेस बे?"

वळून पाहिलं. ठेंगणा, रुंद खांद्यांचा, हातात दोन ताटं धरलेला एक सार्जंट. मी म्हणालो, बालाघाट.

"म्हणजे शहरवाला. मंग त हे जेवन नाही उतरत तुह्या घशाखाली. आन इकडं." माझ्या ताटातली एक पोळी त्याने उचलली. "मी राजेगावचा. किसन गजभिये. आपल्या इकडचा बारा वर्षांत पहिल्यांदाच भेटून राह्यला कोनी."

तोही एअरफ्रेम फिटरच. त्या रात्रीपासून आमची खाटेला खाट लागली. त्याच्या वडिलांचं राजेगावला बसथांब्याजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. किसनचे हात तिथेच तयार झाले होते. नट किती आवळला आहे ते त्याला पान्याच्या आवाजावरून कळे.

युनिटच्या क्रू रूममध्ये एक मोठा फळा होता. त्यावर हवामान, हेलिकॉप्टरचे नंबर आणि क्रूची नावं लिहिली जात. उजव्या कोपऱ्यात पांढऱ्या रंगाची एक चौकट कायमची आखलेली होती. तिच्यावर शीर्षक होतं, 'आज का दिन'. आमचे फ्लाइट कमांडर स्क्वाड्रन लीडर सूद यांनी ही पद्धत सुरू केली होती. जगात त्या तारखेला आकाशात काय काय घडलं, ते रोज सकाळच्या ब्रीफिंगआधी तिथे लिहायचं. त्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षं नोंदी करून एक जाड रजिस्टर तयार केलं होतं. त्यांचा नियम एकच होता.

"एक चढना, एक गिरना. दोनों लिखो. सिर्फ चढना लिखोगे तो लड़के नीचे देखना भूल जाएँगे."

माझे वडील शाळामास्तर. त्यांच्यामुळे माझं अक्षर चांगलं. तिसऱ्याच आठवड्यात खडू माझ्या हातात आला, आणि किसनने माझं नाव 'मास्तर' ठेवलं. पाहुणा अधिकारी आला की सूद सर त्याला आधी फळ्याकडे नेत आणि म्हणत, "सार्जंट शेंडे का काम है." मला ते आवडायला लागलं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्या आवडण्यातून निघालं.

आता दुसरी पद्धत सांगतो. हेलिकॉप्टरच्या कंट्रोलमधला साधा बोल्ट जरी काढून परत बसवला, तरी दोन सह्या लागतात. पहिली सही काम करणाऱ्याची. दुसरी सही, जिला आम्ही 'डुप्लिकेट' म्हणायचो, ती दुसऱ्या फिटरची. त्याने कामाला हात लावलेला नसतो. त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं, हाताने चाचपायचं आणि मगच सही करायची. हा नियम सगळीकडे आहे. आमच्या युनिटमध्ये त्याच्या जोडीला एक न लिहिलेला नियम होता. वॉरंट ऑफिसर पिल्ले यांनी तो घातला होता. कंट्रोलवर काम झालं की त्यानंतरच्या पहिल्या उड्डाणात दोन्ही सहीवाल्यांनी आत बसायचं. पिल्ले साहेब म्हणायचे, "तुमने साइन किया ना? तो बैठो. पेन तब सीधा चलेगा." कुणी कुरकुर करत नसे. त्यांना सत्तावीस वर्षांची नोकरी झाली होती आणि त्यांच्या हाताखालचं एकही हेलिकॉप्टर पडलं नव्हतं.

अशा पहिल्या उड्डाणांत मी आणि किसन मिळून अकरा वेळा बसलो होतो.

सतरा डिसेंबर हा आमच्या फळ्याचा सगळ्यात मोठा दिवस. १९०३ साली याच तारखेला समुद्रकिनाऱ्यावरच्या वाळूत सायकली बनवणाऱ्या दोन भावांनी इंजिनाचं विमान पहिल्यांदा उडवलं. पहिलं उड्डाण बारा सेकंदांचं झालं. एक भाऊ विमानात होता, दुसरा खालून पळत होता. त्या वर्षी कमांडिंग ऑफिसरनी ठरवलं की ११०० वाजता क्रू रूममध्ये कार्यक्रम करायचा, कुटुंबांनाही बोलवायचं आणि फळ्याची माहिती मी सांगायची. आदल्या दिवशी मी पूर्ण फळा धुऊन काढला. रंगीत खडू मागवले. किसन माझ्या खाटेवर बसून मी पाठ करत होतो ते ऐकत होता.

"बारा सेकंद? बारा सेकंदात त वाऱ्यात बिडी पन नाही पेटत."

"पन पेटली ना ती."

"हौ, पेटली. सायकलवाल्यानं पेटवली." त्याला ह्या गोष्टीचा फार अभिमान होता. "बाबाले चिठ्ठी लिहितो. म्हनतो, तुमच्या धंद्यातल्या मानसानं इमान काढलं. मी त नुसता नट आवळून राह्यलो."

त्याच संध्याकाळी एका हेलिकॉप्टरच्या टेल रोटरच्या, म्हणजे शेपटीच्या पंख्याच्या कंट्रोल रॉडमध्ये ढिलेपणा सापडला. त्या पंख्यावर हेलिकॉप्टरची दिशा अवलंबून असते. रॉड एका बोल्टने जोडलेला असतो. बोल्टवर नट, आणि नट फिरून सुटू नये म्हणून त्यातून ओवलेली एक स्प्लिट पिन, जाड खिळ्याएवढी. पिन नसेल तर नट कंपनाने हळूहळू सुटत जातो. किसनने पहाटे ०४३० वाजता उठून बोल्ट बदलला. पिल्ले साहेब रजेवर होते.

१७ डिसेंबर, सकाळी ०५५५. मी क्रू रूममध्ये फळ्यासमोर स्टुलावर उभा होतो. १९०३ ची ओळ झाली होती. १९३५ ची झाली होती. त्या दिवशी ते दोन इंजिनांचं प्रवासी विमान पहिल्यांदा उडालं, ज्याच्यापासून पुढे आपल्या जुन्या लोकांना प्रिय असलेलं डाकोटा आलं. १९४७ ची एका जेट बॉम्बरची ओळ मी अर्धी लिहिली होती. किसन फॉर्म घेऊन आत आला. हात ग्रीसने काळे झालेले.

"मास्तर, डुप्लिकेट."

"तू केलं ना?"

"हौ."

"मंग मी काय पाहू?"

मी स्टुलावरूनच हात खाली केला. फॉर्म घेतला, भिंतीला टेकवला आणि सही केली. वेळ ०५५७ लिहिली. बोटांवरचा खडू कागदाला लागला.

या संवादाला आणखी काही ओळी आहेत. त्या मी इथे लिहीत नाही. त्या मी अठरा वर्षं कुणाला सांगितल्या नाहीत, आणि बरीच वर्षं स्वतःलाही नाही. त्यांच्या जागी त्या येतील.

०६३० ला ब्रीफिंग झालं. सूद सर कॅप्टन. को-पायलट फ्लाइंग ऑफिसर थॉमस, वय चोवीस. फ्लाइट इंजिनियर ज्युनियर वॉरंट ऑफिसर महतो. माल रेशन आणि रॉकेल. सोबत सहीवाले दोन, गजभिये आणि शेंडे. सूद सरांनी फळ्याकडे पाहिलं. अजून दोन ओळी बाकी होत्या.

"शेंडे, तुम रहो. बोर्ड पूरा करो. ग्यारह बजे सब आएँगे."

"सर, दूसरा साइन मेरा है."

"एक सहीवाला तो आ रहा है ना. पिल्ले साहब को मैं बोल दूँगा."

मी पुन्हा खडू उचलला. मला राहायचंच होतं. किसनने जाता जाता पाठीवर थाप मारली. "आज तुह्या बोर्डाचं लगन हाय. तू नवरदेव, तू कुठी येतं?"

०७०५ ला टेक-ऑफ. आवाज दरीत उतरत गेला आणि विरला. मी चौथी ओळ लिहायला घेतली. २००३, एका खासगी अंतराळविमानाने इंजिन पेटवून पहिल्यांदाच आवाजाचा वेग ओलांडला. क्रू रूमच्या भिंतीवर रेडिओचा स्पीकर होता. ०७२१ ला सूद सरांचा आवाज आला. नेहमीसारखाच शांत. 'हंस वन' हे त्या उड्डाणाचं रेडिओवरचं नाव.

"बेस, हंस वन. क्रॉसिंग रिज. क्लाउड लो. स्टँड बाय."

"हंस वन, बेस. रॉजर. स्टँडिंग बाय."

चौकीच्या हेलिपॅडवर पोचण्याची वेळ ०७३० होती. ०७३३ ला ऑपरेटरने हाक दिली. ०७३५ ला दिली. ०७४० ला दिली. "हंस वन, हंस वन, बेस. हाऊ डू यू रीड?" खोलीत आम्ही पाच-सहा जण होतो. कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. ०७४८ ला कमांडिंग ऑफिसर आत आले आणि त्यांनी दुसरं हेलिकॉप्टर तयार करायला सांगितलं. मी धावत बाहेर पडलो.

किसनने जिथे काम केलं होतं तिथून हेलिकॉप्टर गेलेलं होतं. टेलची शिडी हँगरच्या भिंतीशी सरकवलेली होती. वरच्या पायरीला दोरीने टॉर्च अडकवलेला होता. तो चालू होता. मी तो बंद केला.

ढगांमुळे त्या दिवशी शोध लागला नाही. दुसऱ्या दिवशी १०२० ला कड्याखाली अवशेष दिसले. वाचलं कोणी नव्हतं. ११०० वाजताचा कार्यक्रम झाला नाही, हे वेगळं सांगायला नको. फळा चार दिवस तसाच राहिला, रंगीत खडूंनी लिहिलेला. पुसण्याचा हुकूम कुणी दिला नाही. पाचव्या दिवशी पिल्ले साहेब रजेवरून परतले आणि त्यांनी स्वतः पुसला. मला ते एकच वाक्य बोलले.

"तू बैठा नहीं था?"

कोर्ट ऑफ इन्क्वायरी तीन आठवड्यांनी बसली. टेबलावर तो फॉर्म होता. माझ्या सहीशेजारी पांढऱ्या खडूचा अंगठा स्पष्ट उमटलेला होता.

"ही सही तुमची?"

"येस सर."

"स्प्लिट पिन तुम्ही प्रत्यक्ष पाहिली?"

मी सावधानमध्ये उभा होतो. समोर भिंतीवर घड्याळ होतं, त्यात ११४२ वाजले होते.

"येस सर. टॉर्च मारून पाहिली."

निष्कर्ष निघाला तो हवामानाचा. ढग अचानक खाली आले, कडा दिसला नाही. तांत्रिक बिघाडाचा पुरावा नाही. पण शेपटीचा भाग दरीत गेला होता आणि तो मिळाला नाही. म्हणजे पिन होती की नव्हती, हे कुणी पाहिलंच नाही. ते पाहण्याची शेवटची संधी ०५५७ वाजता माझ्याकडे होती.

किसनचं पार्थिव मी राजेगावला घेऊन आलो. सलामी मी दिली. त्याची पत्नी वनिता वहिनी तेव्हा सत्तावीस वर्षांची. मुलगी संघमित्रा सहा वर्षांची, तिला सगळे मित्रा म्हणत. पुढच्या सुटीत गेलो तेव्हा सायकलचं दुकान बंद होतं. बसथांब्यावर कुणीतरी बोललं होतं. बोलणाऱ्याचा कुणी नातेवाईक फौजेत होता. म्हणे, फिटर पिन लावायला विसरला म्हणून चार जण गेले. किसनचे वडील पंधरा दिवस घराबाहेर पडले नव्हते. मला पाहून ते खाटेवरून उठून बसले.

"तू होता ना तती? सही तुही हाय म्हनते. तू सांग. माह्या पोरानं खिटी लावली होती का नाही?"

"लावली होती, बाबा. मी सोता पाह्यली. टॉर्च मारून पाह्यली."

त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. त्यानंतर जो येईल त्याला ते सांगत, दुसऱ्या सहीवाल्यानं डोळ्यानं पाहिलं आहे. मरेपर्यंत सांगत राहिले. माझं खोटं त्या घराच्या छपरासारखं झालं. ते काढायला गेलो तर घर उघडं पडणार होतं. मी स्वतःला हेच सांगत आलो, की मी गप्प आहे तो त्यांच्यासाठी.

वीस वर्षं पूर्ण करून मी निवृत्त झालो आणि बालाघाटला आलो. रेल्वेत गेटमनची नोकरी मिळाली. फाटक बंद केलं की स्टेशन मास्टरला फोनवर खुणेचा एक नंबर द्यायचा असतो, मग गाडी सुटते. फाटक खाली येताना दिसलं की बाकीचे गेटमन नंबर देऊन मोकळे होतात. मी आधी कुलूप लावतो, हाताने ओढून पाहतो, दोन्ही बाजूंना जातो, मग नंबर देतो. तांदळाचे ट्रकवाले मला शिव्या घालतात. एक ऑटोवाला रोज म्हणतो, "अंकल, ताला है, दुल्हन नहीं. कितना देखोगे?" मी कुलूप आणखी एकदा ओढतो.

दर सतरा डिसेंबरला सुटी घेऊन मी राजेगावला जातो. किसनच्या फोटोसमोर मेणबत्ती लागते, वंदना होते. मग चहा. दर वर्षी वहिनी एकदा तरी म्हणत, "तुमी पाह्यलं होतं म्हनून बरं, भाऊजी." मी मान हलवायचो. त्या एका वाक्यापायी मी वर्षभर झोपेत दचकायचो. तरी जायचो.

मित्रा शिकली. आता ती बालाघाटच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. यंदा नोव्हेंबरात ती फाटकावर आली, स्कूटीवरून न उतरताच म्हणाली, "काका, सतरा तारखेला शाळेत यायचं. मी बोर्ड करून राह्यली. 'आज का दिन.' तुमचाच आयडिया."

"माहा नाही. सूद सरांचा."

"तेच सांगा मग लेकरांना. आणि दुसऱ्या सहीचं पण. ना नहीं सुनूँगी."

सतरा तारखेला सकाळी १००० वाजता मी शाळेच्या हॉलमध्ये होतो. फळा तिने सुंदर केला होता. १९०३. १९३५. २००३. आणि मला माहीत नसलेली एक ओळ. २०१२, चंद्राभोवती फिरणारी दोन जुळी याने काम संपल्यावर, इंधन संपत आल्यावर, चंद्रावरच्या एका डोंगरावर मुद्दाम आदळवण्यात आली. मी ती ओळ दोनदा वाचली. सूद सरांचा नियम मी तिला कधीच सांगितला नव्हता. तरी तिने चढणंही लिहिलं होतं आणि पडणंही.

मित्राने माइक घेतला. "बच्चों, मेरे पापा का आख़िरी काम इन्होंने अपनी आँखों से चेक किया था. इसीलिए मैं सिर उठाकर कह सकती हूँ कि ग़लती मेरे पापा की नहीं थी. सर बताएँगे, कैसे देखते हैं."

दीडशे मुलं. मी उभा राहिलो. १९०३ सांगितलं. बारा सेकंद सांगितले. एक भाऊ वर होता आणि दुसरा खाली पळत होता, ते सांगितलं. मग पुढच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. "सर, पिन कैसी दिखती है? आपने देखी थी ना?"

मी म्हणालो, "बेटा, इसका जवाब मैं पहले मैडम को दूँगा." आणि खाली बसलो. कुणाला काही कळलं नाही. टाळ्या वाजल्या. मित्राने माझ्याकडे पाहिलं आणि तिचं हसू उतरलं.

दुपारी आम्ही तिच्या स्कूटीवरून राजेगावला गेलो. वहिनी ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. १४१० झाले होते. मी चप्पल काढली, पण बसलो नाही.

"वहिनी, मी पिन पाह्यली नव्हती."

त्यांचे हात थांबले नाहीत. दोन-तीन शेंगा सोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे?"

"मी फळा लिहून राह्यलो होतो. न पाहता सही केली. इन्क्वायरीत खोटं बोललो. बाबांशी खोटं बोललो. तुमाशी अठरा वर्षं खोटंच बोलत आलो. त्या दिवशी मी पन आत बसायला पाहिजे होतो. बसलो नाही."

मित्रा दाराला टेकून उभी होती. "मग आज सकाळी मी त्या पोरांना जे सांगितलं, ते काय होतं, काका?"

मी खाली सांडलेली तुरीची एक शेंग उचलून सुपात टाकली.

"बोला ना! आजोबा गेले ते काय ऐकून गेले? मी कॉलेजात एका पोराच्या थोबाडीत मारली होती, पापाला नाव ठेवलं म्हणून. कशाच्या भरवशावर मारली?"

"माह्या."

"हौ. तुमच्या."

वहिनींनी सूप बाजूला ठेवलं. "मले एक सांगा भाऊजी. त्यानं खिटी लावली होती का नव्हती?"

"मले नाही माहीत, वहिनी. हेच खरं हाय. कोनालेच नाही माहीत."

"त्या सकाळी तो काय बोलला? जसंच्या तसं सांगा. आता काही राखू नका."

तेव्हा त्या उरलेल्या ओळी मी पहिल्यांदा तोंडातून काढल्या. मी 'मंग मी काय पाहू' म्हणालो, तेव्हा किसनने फॉर्म लगेच दिला नव्हता. त्याने तो मागे ओढला होता.

"नाही बे मास्तर. तू पाह्य. शिडी लावूनच ठेवली हाय."

"तुह्यावर भरवसा हाय माहा."

"भरवसा घरी ठेव. दोन मिंटं लागते. टॉर्च पन चालूच ठेवला हाय तुह्यासाठी. चाल."

आणि मी म्हणालो होतो, "देतो का नाही? माही ओळ बिघडून राह्यली." मग त्याने फॉर्म दिला. सही झाल्यावर तो दाराशी थांबला आणि म्हणाला, "अजून बी वेळ हाय. मी शिडी नाही काढत." मी मागे वळून पाहिलं नाही.

हे मी कुणालाच का सांगितलं नाही? मी पाहायला विसरलो असं म्हणता आलं असतं, घाई होती असं म्हणता आलं असतं. पण त्याने दोनदा बोलावलं होतं आणि मी गेलो नव्हतो. याला कुठलीच सबब नाही.

रस्त्यावरून गोंदियाची बस गेली. मित्रा दारातून खाली आली आणि माझ्यासमोर उकिडवी बसली.

"टॉर्च चालू होता?"

"हौ. हेलिकॉप्टर गेल्यावर पन चालूच होता. मीच बंद केला."

ती आईकडे वळली. "आई, ज्यानं पिन नाही लावली, तो कुनाले शिडी लावून देईल का? दोन-दोनदा बोलवेल का, की येऊन पाह्य?"

वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. मग माझ्याकडे पाहून शांतपणे म्हणाल्या, "एवढी वर्षं आमी तुमच्या डोळ्यावर भरवसा ठेवला. त्याच्या हातावर ठेवायले पाहिजे होता. तुमी हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, त बाबाले पंधरा दिवसांत नाही, एका घंट्यात दुकान उघडता आलं असतं."

हे ऐकेपर्यंत मी समजत होतो की माझ्या खोट्यानं ते घर उभं आहे. त्या घराला खरं हवं होतं, आणि ते अठरा वर्षं मी खिशात घालून फिरत होतो.

चहा झाला नाही. निघताना मित्रा अंगणाच्या फाटकापर्यंत आली. "काका, हे सगळं लिहून द्या. वेळेसकट. शाळेत मी ते वाचणार. ज्या पोरांना खोटं सांगितलं, त्यांनाच खरं सांगणार."

"लिहितो."

"आणि खाली सही करा. दुसरी सही मी करीन. पण आधी एकेक ओळ पाहीन."

मी तिला विचारलं, पुढच्या वर्षी यायचं का. ती म्हणाली, "आधी लिहा."

म्हणून हे लिहिलं. पहिला कागद मी तिला दिला तेव्हा तिने तो परत केला. त्यात मी किसनचं 'भरवसा घरी ठेव' हे वाक्य गाळलं होतं. तिने समासात लाल पेनने लिहिलं होतं, 'पापा का पूरा बोला हुआ लिखिए.' ते आता लिहिलं आहे. दुसऱ्या वेळी तिने विचारलं की ०५५७ ही वेळ मला नक्की आठवते का. मी म्हणालो, हो, फॉर्मवर ती मीच माझ्या हाताने लिहिली होती.

त्या दिवशी गेलेल्यांची नावं इथे लिहितो. फळ्यावर ती कधी लिहिली गेली नाहीत. स्क्वाड्रन लीडर सूद, ज्यांनी चढणं आणि पडणं दोन्ही लिहायला शिकवलं. फ्लाइंग ऑफिसर थॉमस, ज्याला डोंगरात रोज घरचे मासे आठवायचे. ज्युनियर वॉरंट ऑफिसर महतो, ज्यांना निवृत्तीला सात महिने होते. सार्जंट किसन गजभिये, राजेगावच्या सायकलवाल्याचा मुलगा.

त्यांचं शेवटचं बोलणं 'स्टँड बाय' होतं. हवाई दलात त्याचा अर्थ, थांबा, मी परत बोलतो.

हे शेवटचं माझ्याकडच्या नकलेवर लिहितो आहे. मूळ कागदाखाली माझी सही आहे. तिच्या शेजारी दुसऱ्या सहीची जागा कोरी आहे. मित्राने कागद नेला त्याला आज नऊ दिवस झाले. ती घाई करत नाही, आणि मी तिला फोन केलेला नाही. पहाटेच्या ड्यूटीला मी फाटकावर टॉर्च घेऊन जातो. गाडी गेली, फाटक उघडलं, की तो बंद करायचा असतो. या नऊ दिवसांत उजाडेपर्यंत मी तो बंद केलेला नाही.